सांगलीतून लिंक्डइनवर: वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सुरुवात कशी करावी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू असताना एकदा तरी जाऊन उभं राहावं. राजापुरी हळदीची रास समोर असते, पण व्यापारी राशीचा आकार बघून बोली लावत नाही. तो ओंजळभर हळकुंडं उचलतो, त्यातलं एक कटकन मोडतो आणि गाभ्याचा रंग बघतो. भावाचं बोलणं त्यानंतर.

आपल्या भागात कारखान्यांचे प्रकल्पप्रमुख आहेत, सरव्यवस्थापक आहेत, साखर कारखान्यांचे कार्यकारी संचालक, सहकारी बँकांचे मुख्य कार्यकारी अधिकारी, मिरजेतल्या रुग्णालयांचे प्रशासक आहेत. पंचवीस-तीस वर्षांचं काम गाठीशी आहे, पण पोती शिवलेली आहेत. बाहेरच्या माणसाला गाभा बघायची सोयच नाही. पुण्यातला खरेदी अधिकारी तुम्हाला भेटायच्या आदल्या रात्री तुमचं नाव मोबाइलवर शोधतो. समोर काय येतं? बहुतेक वेळा एक रिकामं प्रोफाइल, त्यावर लग्नातल्या फोटोतून कापलेला चेहरा आणि दोन कंपन्यांपूर्वीचं पद.

मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्य काढलं, गेली काही वर्षं प्रकल्पप्रमुख म्हणून. लिंक्डइनवर, म्हणजे कामधंद्यातल्या ओळखींच्या समाजमाध्यमावर, नियमित लिहायला लागलो तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. आता ओळखीतले अधिकारी विचारायला येतात, 'सर, नेमकं सुरू कुठून करायचं?' त्यांना समोर बसवून जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो.

त्याआधी एक गोष्ट. 'आपलं आपण सांगायचं म्हणजे बढाई', ही अडचण जवळजवळ प्रत्येक जण बोलून दाखवतो. आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण त्यांच्यापुढे ठेवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना उभा केला. लोखंडी नांगर जमिनीला बाधतो, असं तेव्हाच्या शेतकऱ्याला वाटत होतं. नांगर चांगला असून भागत नव्हतं, तो समजावून सांगावा लागत होता. १९२० साली किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. कारखान्यातल्या घडामोडी आणि मालाची माहिती देणारं ते पत्र शंकरराव किर्लोस्करांनी चालवलं आणि पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. कारखानदाराने आपल्या कामाबद्दल स्वतः, नियमाने, लोकांना कळेल अशा मराठीत लिहायचं, हे या मातीत शंभर वर्षांपूर्वी घडून गेलं आहे. तेव्हा छापखाना लागायचा, आज मोबाइल पुरतो.

पायरी १: कोणी पाहावं ते वहीत लिहा

खातं उघडायच्या आधी वहीत तीन ओळी लिहा: माझं काम कोणाला दिसायला हवं आहे? 'सगळ्यांना' हे उत्तर चालणार नाही. माझ्या तीन ओळी अशा होत्या. एक, ट्रॅक्टर आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांतले खरेदी व गुणवत्ता विभागाचे लोक. दोन, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि आसपासच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी मुलं, जी डोळे मिटून पुण्याची गाडी पकडतात. तीन, फाउंड्री क्षेत्रातले माझ्यासारखेच लोक, ज्यांच्याकडून मला शिकायचं होतं.

तुमच्या ओळी वेगळ्या असतील. पण एक इशारा आत्ताच देतो. साखर कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना सभासद शेतकऱ्यापर्यंत पोहोचायचं असेल तर लिंक्डइन ही त्यासाठीची जागा नव्हे. त्यासाठी गट कार्यालय आणि व्हॉट्सअ‍ॅप आहे. लिंक्डइनवर भेटतील ते यंत्रपुरवठादार, बँकांचे अधिकारी, इथेनॉल आणि सहवीजनिर्मितीतले तंत्रज्ञ आणि नोकरी शोधणारे इंजिनिअर. बेदाणा निर्यात करणाऱ्या तासगावच्या व्यापाऱ्याला मात्र परदेशी खरेदीदार इथे सापडू शकतो.

या तीन ओळी पुढे प्रत्येक वेळी उपयोगी पडतात. एखादी पोस्ट टाकावी की नाही असा प्रश्न पडला की वही उघडायची आणि बघायचं, या तिघांपैकी कोणाच्या ती कामाची आहे.

पायरी २: कंपनीला आधी विचारा

मालकांशी किंवा संचालक मंडळाशी आधीच बोलून घ्या. कंपनीचं सोशल मीडिया धोरण लेखी असेल तर वाचा. नसेल तर काय चालेल आणि काय नाही, हे एका ईमेलवर लिहून मागा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर कंपनी सेक्रेटरींना भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याचं कारण पुढे येईल.

पायरी ३: खातं नीट उघडा

इथे घाई नको. खातं स्वतःच्या खाजगी ईमेलवर उघडा. ऑफिसच्या ईमेलवर उघडलंत आणि नोकरी बदलली, तर तो ईमेल ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी खात्याची किल्लीही हातातून जाईल. ऑफिसचा ईमेल दुसरा पत्ता म्हणून जोडून ठेवा. पासवर्डबरोबर मोबाइलवर कोड येण्याची दुहेरी पडताळणी लगेच चालू करा.

भारतात आधार आणि डिजिलॉकरच्या आधारे ओळख पडताळून घेण्याची सोय लिंक्डइनवर आहे. ती झाली की नावापुढे पडताळणीची खूण येते. वरिष्ठ पदावरच्या माणसाने ती घ्यावीच, कारण तुमच्या नावाने खोटं खातं निघालं तर खरं कोणतं ते लोकांना ओळखता येतं.

मेनू आणि बटणं मराठीत हवी असतील तर २०२४ पासून तीही सोय झाली आहे. इंग्रजी मेनूने बिचकणारे माझे दोन मित्र त्यामुळेच सुरुवात करू शकले.

आता एक छोटं बटण, ज्यावरून फार मोठा घोटाळा होतो. प्रोफाइलमध्ये बदल केला की तो ओळखीच्या सगळ्यांना कळवायचा का, असं लिंक्डइन विचारतं. सुरुवातीची दुरुस्ती करताना ते बंद ठेवा. पाच वर्षं हात न लावलेलं प्रोफाइल साहेबांनी एका रविवारी घासूनपुसून लख्ख केलं, की सोमवारी चहाच्या टपरीवर एकच चर्चा असते: साहेब नोकरी बदलताहेत. ती चर्चा मालकांपर्यंत पोहोचायला जेवणाची सुट्टीही लागत नाही. तसंच, तुम्ही ज्यांचं प्रोफाइल उघडता त्यांना तुमचं नाव दिसू शकतं. प्रतिस्पर्धी कंपनीच्या लोकांची प्रोफाइल चाळायची असतील तर पाहण्याची पद्धत खाजगी करून घ्या.

पायरी ४: नाव, फोटो आणि वरची ओळ

सांगली-साताऱ्यात पाटील, जाधव, शिंदे, कदम किती आहेत हे मी सांगायला नको. तुमचं नाव आणि आडनाव टाकून शोधलं तर पन्नास जण निघतात. म्हणून तीन गोष्टी पाळा. इंग्रजी स्पेलिंग व्हिजिटिंग कार्डावर असेल तेच ठेवा. एकीकडे एक 'ए' आणि दुसरीकडे दोन 'ए' असं नको. शक्य असेल तर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर घाला. आणि ठिकाण 'सांगली' किंवा 'सातारा' असंच लिहा. बरेच जण पुणे लिहितात, मोठं वाटावं म्हणून. माझा त्याला विरोध आहे. पाटलांच्या गर्दीत तुम्हाला वेगळं काढणारी खूण सांगलीच आहे. शिवाय शिरवळ, लोणंद, सातारा, कुपवाड, मिरज इथे काय काय बनतं हे बाहेर कळायचं असेल, तर इथल्या माणसांनी आपला पत्ता खरा लिहिला पाहिजे.

फोटोसाठी स्टुडिओ लागत नाही. सकाळी नऊच्या सुमारास खिडकीजवळ उभं राहा, चेहऱ्यावर उजेड येऊ द्या, मागे मोकळी भिंत असू द्या. रोज घालता तोच शर्ट घाला. सत्कारातला फेटा आणि हार असलेला फोटो घरच्या अल्बमसाठी ठेवा.

नावाखालच्या ओळीला हेडलाइन म्हणतात. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे. बहुतेक जण तिथे 'जनरल मॅनेजर, ऑपरेशन्स' एवढंच लिहून थांबतात. ते वाचून समोरच्याला काय कळणार? त्याऐवजी असं बघा: 'ट्रॅक्टर व पंपांसाठी लोखंडी कास्टिंग | कुपवाड, सांगली | मोल्डिंगपासून प्रकल्पप्रमुखापर्यंत'. काय बनतं, कुठे बनतं आणि माणूस कुठून (मोल्डिंग म्हणजे साचे बनवण्याच्या कामातून) वर आला, तिन्ही गोष्टी एका दमात आल्या. ग्राहक राज्याबाहेरचे असतील तर ही ओळ इंग्रजीत लिहा, पण नेमकेपणा तोच ठेवा.

खाली 'परिचय' लिहायला २६०० अक्षरांची जागा मिळते. सगळी भरायची गरज नाही. पहिल्या दोन ओळीच न उघडता दिसतात, म्हणून 'मी एक परिणामाभिमुख, गतिशील नेतृत्व...' अशी सुरुवात करू नका. तुम्ही सोडवलेली एक अडचण सांगा, सध्या कशावर काम चालू आहे ते सांगा आणि तुमच्याशी कोणत्या विषयावर संपर्क साधावा हे सांगून थांबा. माझ्या परिचयाची पहिली ओळ 'पावसाळ्यात कास्टिंग का बिघडतं, या एका प्रश्नाने मला वीस वर्षं कामाला लावलं' अशी आहे. अनोळखी माणसांचे सर्वांत जास्त संदेश त्या एका ओळीमुळे आले आहेत.

पायरी ५: महिनाभर आधी दुसऱ्यांचं वाचा

नवीन गावात राहायला गेलं की आपण पहिल्याच दिवशी पारावर भाषण करत नाही. इथेही पहिला महिना पोस्ट टाकू नका. आधी ओळखीचे पन्नास-साठ लोक जोडा: जुने सहकारी, पुरवठादार, कॉलेजचे वर्गमित्र, ग्राहकांकडचे लोक. जोडणीची विनंती पाठवताना शक्य तिथे दोन ओळी लिहा. 'नमस्कार, मागच्या वर्षी आपण पुण्यातल्या प्रदर्शनात पॅटर्नच्या खर्चाबद्दल बोललो होतो. इथे संपर्कात राहायला आवडेल.' एवढं पुरे.

मग त्यांच्या पोस्टवर कॉमेंट करा. 'छान', 'अभिनंदन', हात जोडलेलं चित्र, यांनी काही होत नाही. कोणी मशीनच्या देखभालीबद्दल लिहिलं असेल तर तुमच्याकडे काय करता ते तीन वाक्यांत लिहा, किंवा खरोखर पडलेला प्रश्न विचारा. माझी पुढे ज्या लोकांशी पक्की ओळख झाली त्यातले अर्धे अधिक माझ्या कॉमेंट वाचून आले. वरिष्ठ माणसाने कनिष्ठाच्या पोस्टवर लिहिलेल्या चार जाणत्या ओळींचं मोल फार असतं. आपल्याच कंपनीतल्या ट्रेनी मुलीने पहिल्या प्रोजेक्टबद्दल लिहिलं असेल तर सर्वांत आधी तिथे जा.

पायरी ६: पहिली पोस्ट

सगळे अडतात ते इथे. मोबाइल हातात घेतला की कार्यक्रमाच्या बातमीसारखी भाषा बाहेर पडते. एका अधिकाऱ्याने मला दाखवलेला मसुदा साधारण असा होता:

'आमच्या कंपनीत राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह मोठ्या उत्साहात संपन्न झाला. मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करण्यात आले. सर्व कर्मचाऱ्यांनी सुरक्षेची शपथ घेतली. सर्वांचे मनःपूर्वक आभार.'

यात चुकीचं काही नाही, पण हळकुंड मोडलेलं नाही. ४ मार्चला सुरू होणारा हा सप्ताह देशभरातल्या कारखान्यांत होतो आणि हाच मजकूर कोणत्याही कंपनीच्या नावावर खपतो. मी त्यांना विचारलं, 'त्या आठवड्यात तुम्ही स्वतः काय पाहिलंत?' थोडा वेळ गेला. मग म्हणाले, 'फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करण्याच्या विभागात) एक पोरगा गॉगल कपाळावर ठेवून काम करत होता. ओरडणार होतो. पण विचारलं तर म्हणाला, साहेब, घामाने काच धूसर होते, काहीच दिसत नाही. खरंच होतं. मग धुकं न धरणारे गॉगल मागवले. आता कपाळावर कोणाचाच नसतो.'

मी म्हटलं, 'बोललात तसंच लिहा.' त्यांनी लिहिलं. त्या पोस्टखाली इचलकरंजीपासून नाशिकपर्यंतचे लोक आपापल्या कारखान्यातले गॉगलचे अनुभव सांगत होते.

माझी स्वतःची एक पोस्ट जवळून दाखवतो, म्हणजे बांधणी कळेल. पावसाळ्यात आमच्या कास्टिंगमध्ये ब्लो-होल (अडकलेल्या वायूमुळे पडणारी भोकं) वाढायचे. सगळ्यांचा संशय वाळूवर. सँड प्लान्टमध्ये ओल मोजून मोजून माणसं थकली. तिसऱ्या पाळीतल्या एका जुन्या मोल्डरने दाखवून दिलं की संध्याकाळी केलेले कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे) रात्रभर उघड्या रॅकवर पडून असतात आणि कृष्णाकाठची ओली हवा पितात. कोअर बंद आणि उबदार जागेत ठेवायला लागलो, जुने कोअर आधी वापरायचे असा नियम केला, आणि रिजेक्शन (नापास होणारा माल) उतरलं. पोस्टमध्ये मी चारच गोष्टी सांगितल्या: अडचण काय होती, आम्ही कुठे चुकीचं शोधत होतो, कोणी दाखवून दिलं आणि मग काय बदललं. मोल्डरचं नाव त्यांची परवानगी घेऊन लिहिलं. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे; त्याने ती पोस्ट त्याच्या ऑफिसात दाखवली, हे त्यांनी मला गेटवर थांबून सांगितलं.

'आम्ही कुठे चुकीचं शोधत होतो' हा भाग बहुतेक जण गाळतात. तो गाळू नका. वरिष्ठ माणसावर विश्वास बसतो तो तिथेच.

लांबीचं सांगायचं तर पोस्टला ३००० अक्षरांची मर्यादा आहे, पण दीडशे-दोनशे शब्द पुष्कळ झाले. सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि बाकीचं उघडावं लागतं, म्हणून प्रसंगापासून सुरुवात करा. 'आज मला सांगायला अतिशय आनंद होतो की' हे काढून टाका. हॅशटॅग दोन-तीन पुरे. फोटो कामाचा असावा. इंटरनेटवरून घेतलेला, हस्तांदोलन करणाऱ्या परदेशी माणसांचा फोटो नको.

मराठीत लिहू की इंग्रजीत? पहिल्या पायरीतल्या तीन ओळी पुन्हा बघा. खरेदी अधिकाऱ्यासाठी असेल तर इंग्रजी. इथल्या मुलांसाठी, कामगारांच्या कौतुकासाठी, पुरवठादारांसाठी असेल तर मराठी. एकाच पोस्टमध्ये अर्धं हे आणि अर्धं ते करू नका. आणि मराठीत लिहिलं तर आपण शॉप फ्लोअरवर बोलतो ती मराठी लिहा. रिजेक्शनला कोणी 'अस्वीकृती' म्हणत नाही.

विषय संपले असं कधी वाटलं तर हे आठवा: फसलेला आणि मग जमलेला एखादा प्रयोग, आयटीआयच्या मुलाला पहिल्या महिन्यात काय शिकवता, पुरवठादाराशी वाद कसा मिटला, निवृत्त होणाऱ्या माणसाकडून काय शिकलात, महापुराच्या दिवसांत कारखाना कसा सांभाळला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपण सगळे सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाण्याचे फूट मोजत बसलो होतो. त्या दिवसांत कच्चा माल कुठे हलवला, कामगारांची घरं पाण्यात असताना पाळ्या कशा लावल्या, ग्राहकाला काय कळवलं, हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

पायरी ७: काय लिहायचं नाही

माझी एक चूक आधी सांगतो. नवीन मोल्डिंग मशीन आलं, पहिला साचा निघाला, मी आनंदाने फोटो काढून टाकला. दोन तासांत एका ग्राहक कंपनीच्या गुणवत्ता प्रमुखांचा फोन आला. मशीनच्या मागे भिंतीवरचा फळा स्पष्ट दिसत होता. त्यावर त्यांच्या पार्टचा नंबर आणि त्या दिवसाचं रिजेक्शन खडूने लिहिलेलं होतं. गोपनीयतेच्या करारावर माझीच सही होती. पोस्ट काढली, लेखी माफी मागितली, प्रत्यक्ष जाऊन भेटलो. तेव्हापासून फोटो टाकण्याआधी तो मोठा करून चारही कोपरे बघतो: फळा, ड्रॉइंग, संगणकाचा पडदा, खोक्यांवरची लेबलं, आणि गॉगल-हेल्मेट न घातलेला माणूस तर नाही ना.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याने त्याहून जास्त जपावं. सेबी या शेअर बाजार नियामकाच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहार प्रतिबंध नियमांनुसार, शेअरच्या भावावर परिणाम करू शकेल अशी अप्रकाशित माहिती बाहेर सांगता येत नाही. आर्थिक निकाल, लाभांश, विलीनीकरण, वरच्या पदांवरचे बदल हे त्यात येतं. 'या तिमाहीत विक्रमी ऑर्डर' अशी निरागस ओळसुद्धा अडचणीत आणू शकते. आधी शेअर बाजाराला कळवायचं, मग लिंक्डइनला. अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपल्या फेसबुक पानावर लिहिलं की महिन्याभरात प्रेक्षकांनी शंभर कोटी तासांहून जास्त पाहिलं. कंपनीने ते रीतसर जाहीर केलं नव्हतं, म्हणून तिथल्या बाजार नियामकाने चौकशी केली. शेवटी कारवाई झाली नाही. कंपनी कोणत्या पानावर माहिती देणार हे गुंतवणूकदारांना आधी सांगितलेलं असावं, असं नियामकाने एप्रिल २०१३ मध्ये स्पष्ट केलं. ओळ एकच होती, निस्तरायला महिने गेले.

राजकारण, जातीपातीचे विषय, सहकाऱ्याची आजारपणं, कोणाला का काढलं, पगारवाढीच्या वाटाघाटी: यांना हात लावू नका.

पायरी ८: खाली कडू बोल आला तर

साखर कारखान्याच्या एका अधिकाऱ्याने पुरस्काराचा फोटो टाकला. खाली पहिलीच कॉमेंट: 'आधी आमच्या उसाचं बिल काढा, मग पुरस्कार घ्या.' ते रात्री साडेदहाला मला फोन करून विचारत होते, 'काढून टाकू का?'

मी नको म्हटलं. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचाच दंडक आहे. बिल थकलं असेल तर विचारणारा त्याच्या हक्काचं विचारतो आहे, आणि ते लाखो लोक वाचू शकतील अशा जागी विचारतो आहे. कॉमेंट पुसली तर तो तिचा फोटो काढून दहा ग्रुपवर टाकेल. आम्ही मिळून उत्तर लिहिलं: 'दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. तुमच्या गटाची बिलं कोणत्या तारखेपर्यंतची निघाली आहेत ते उद्या सकाळी शेती विभागाकडून घेऊन इथेच लिहितो. सभासद क्रमांक इथे देऊ नका, मला संदेशात पाठवा.' दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी खरोखर तारीख लिहिली. त्या शेतकऱ्याने पुढे काही लिहिलं नाही. पण इतर वाचणाऱ्यांनी साहेब शब्दाला जागले हे पाहिलं.

शिवीगाळ आणि धमकी वेगळी. ती नोंदवून ठेवा, तक्रार करा आणि त्या माणसाला ब्लॉक करा. राग आला असेल त्या रात्री मात्र काहीच लिहू नका.

पायरी ९: वेळ आणि मदत

आठवड्याला एक पोस्ट आणि रोज पंधरा-वीस मिनिटं कॉमेंटसाठी, एवढं झेपतं. मी पाळी बदलताना गाडीत बसलो की सुचलेलं मोबाइलमध्ये बोलून ठेवतो. मराठीत बोललेलं टाइप होण्याची सोय आता फोनच्या कीबोर्डमध्येच असते. रविवारी सकाळी त्यातलं एक निवडून नीट करतो.

कंपनीतल्या एखाद्या तरुणाची मदत घ्या, शुद्धलेखन, फोटो, इंग्रजी तपासायला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही इंग्रजी सुधारायला देता येईल, पण कंपनीचे आकडे आणि ग्राहकांची नावं काढून मगच. पूर्ण पोस्ट मात्र दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. प्रत्यक्ष भेटीत ग्राहकाने 'तुम्ही त्या कोअरबद्दल लिहिलं होतं ना' असं विचारलं आणि तुम्हाला आठवलंच नाही, तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

पायरी १०: तोतये

तुम्ही दिसू लागलात की तुमच्या नावाचा गैरवापर करणारेही येतात. कंपनीच्या नावाने खोटी नोकरीची पत्रं पाठवून मुलांकडून 'अनामत' उकळणारे आपल्या भागातही आहेत. 'आमची कंपनी नोकरीसाठी कधीही पैसे घेत नाही' ही ओळ परिचयात कायमची लिहून ठेवा. तुमच्या नावाचं खोटं खातं दिसलं तर लिंक्डइनला कळवा, आपल्या लोकांना सावध करा आणि कोणाचे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायला सांगा.

पायरी ११: काय मिळालं ते मोजा

लाइक मोजू नका. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने करा, पहिल्या पायरीतल्या तीन ओळींसाठी. कोणी 'तुमचं वाचून फोन केला' म्हणालं की तारीख टाकून लिहा. सहा महिने पान जवळजवळ कोरं राहील. माझंही राहिलं होतं. माझी पहिली नोंद खरेदी अधिकाऱ्याची नव्हतीच. आष्ट्याच्या एका मुलाची होती. पुण्यातली नोकरी सोडून गावाजवळ यायचं आहे, तुमच्याकडे कोअर शॉपला माणूस लागतो का, असं त्याने विचारलं होतं. तो आजही तिथेच आहे.

राहिली एक सवय. खात्याच्या सेटिंगमध्ये आपल्या सगळ्या माहितीची प्रत उतरवून घेता येते: संपर्क, पोस्ट, संदेश, सगळं. ती वर्षातून एकदा घ्या आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. मी खंडेनवमीला घेतो. सकाळी कारखान्यात मशीन पुसून, हळद-कुंकू लावून पूजा होते, पेढे वाटून होतात, आणि दुपारी ऑफिसात शांतता असते, तेव्हा.